तुरुंगातला पॅनिक अलार्म: तोच झोन पुन्हा पुन्हा फॉल्ट दाखवतो तेव्हा

कंट्रोल रूमच्या पॅनलवर एखादा झोन, म्हणजे एका लाइनवरच्या बटणांचा गट, फॉल्टमध्ये जातो (लाइनमध्ये दोष दाखवतो), कोणीतरी रीसेट दाबतं, दिवा हिरवा होतो आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. असं चार-पाच वेळा झालं की वैतागून तो झोन बायपास केला जातो, म्हणजे पॅनलने त्याच्याकडे लक्षच देऊ नये असं करून ठेवलं जातं. कोणी केला, कधी केला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. बटण मात्र भिंतीवर तसंच लाल दिसत राहतं आणि ड्युटीवरचा माणूस त्याच्या भरवशावर बराकीत शिरतो. म्हणून या दुरुस्तीत एकच नियम धरून चालायचं: कारण सापडेपर्यंत नुसता रीसेट म्हणजे दुरुस्ती नाही, आणि बायपास तर नाहीच नाही.

खाली मुख्यतः तारेने जोडलेल्या पॅनिक बटणांबद्दल आहे. कोठडीतली कॉल बटणं आणि अंगावर बाळगायचे वायरलेस ट्रान्समीटर यांचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं लिहिलं आहे.

लक्षणं

- रीसेट केला की फॉल्ट जातो, पण ठरावीक वेळेला परत येतो. रोज सकाळी येत असेल तर फरशी धुण्याची वेळ आधी आठवा.
- पाऊस पडला की फॉल्ट येतो, दोन दिवस ऊन पडलं की आपोआप जातो. कुठेतरी ओल आहे.
- सरकतं गेट किंवा विजेवरचं कुलूप चालतं त्याच क्षणी खोटा अलार्म येतो. तारेत बाहेरून व्होल्टेज शिरतंय.
- रीसेट घेतच नाही. दाबलेलं बटण चावीने मोकळं केलेलं नाही, किंवा लाइन शॉर्ट आहे.
- बरेच झोन एकदम जातात. झोन सोडा, पॉवर सप्लाय, बॅटरी आणि अर्थ बघा.
- एका ठिकाणचं बटण दाबलं तर पडद्यावर दुसऱ्याच जागेचं नाव येतं. प्रोग्रॅमिंगचा किंवा तारा अदलाबदल झाल्याचा दोष.
- बटण दाबलं तरी काहीच होत नाही, आणि पॅनल 'नॉर्मल' सांगतं. यादीतलं सगळ्यात वाईट लक्षण हेच, कारण याची तक्रार कधीच येत नाही. ते चाचणीत सापडलं तरच सापडतं.

हत्यारांची पिशवी उघडण्याआधी

ड्युटी ऑफिसरला सांगून झोन 'टेस्ट'वर घ्या आणि तो पुन्हा चालू होईपर्यंत त्या भागातल्या माणसांकडे काय पर्याय आहे ते ठरवून घ्या: जादा वॉकी-टॉकी, किंवा एकट्याने आत न जाण्याचा आदेश. वेळ रजिस्टरमध्ये लिहा. झोन बंद आहे ही गोष्ट त्या पाळीतल्या प्रत्येकाला कळली पाहिजे आणि एकाही कैद्याला कळता कामा नये. त्यामुळे बटणावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी चिकटवायची नाही, आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून वायरलेसवर 'हे बटण चालत नाही' असं मोठ्याने बोलायचं नाही.

हत्यारं मोजून न्यायची, मोजून आणायची. बिट, ब्लेड, तारेचे कापलेले तुकडे, निघालेले स्क्रू, सगळं यादीत. सुरक्षा स्क्रूसाठी लागणारा मधोमध भोक असलेला टॉर्क्स बिट नेमका हरवतो, आणि तो हरवला तर शोध संपेपर्यंत सगळा विभाग थांबतो. शक्यतो कैदी कोठड्यांत बंद असतानाच बॉक्स उघडा. आतली रचना कोणी पाहू नये हा हेतू आहे.

१. इव्हेंट लॉग

फुकटातली तपासणी, आणि नेमकी हीच टाळली जाते. पॅनलचं घड्याळ आधी तपासा. पॅनल आणि कंट्रोल रूमचा संगणक यांच्यात दहा मिनिटांचा फरक असेल तर पुढचे सगळे अंदाज चुकतील. मग त्या झोनच्या शेवटच्या वीस-तीस नोंदी काढा आणि प्रत्येकीसमोर लिहा: वेळ, अलार्म की फॉल्ट की टॅम्पर (झाकण उघडल्याची सूचना), किती वेळ टिकला. एका सेकंदात आपोआप गेलेला अलार्म आणि चार तास टिकलेला फॉल्ट ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्यात सैल जोड किंवा बाहेरून शिरणारं व्होल्टेज शोधायचं, दुसऱ्यात पाणी. याच वेळा गेटच्या नोंदींशी आणि सफाईच्या वेळांशी ताडून पाहिल्या की निम्मं काम इथेच होतं.

२. बटण

लॅच होणारं बटण एकदा दाबलं की चावीने मोकळं करेपर्यंत दाबलेलंच राहतं. पॅनलवर कितीही वेळा रीसेट केलं तरी झोन पुन्हा अलार्ममध्ये जाणार. चावी फिरवून बघा. बटण बाहेर येताना अडकत असेल तर आतली स्प्रिंग किंवा बाहेरची कडा गेली आहे. असं बटण तेल घालून वापरात ठेवायचं नाही, बदलायचं.

झाकणाच्या मागे टॅम्पर स्विच असतो. झाकण नीट बसलं नाही, एक स्क्रू कमी आहे, किंवा भिंतीचा गिलावा फुगून बॉक्स तिरका झाला, की हा स्विच अर्धवट दाबलेला राहतो आणि जवळचं दार आपटलं तरी फॉल्ट देतो. झाकणावर बोटाने हलकेच दाबून पॅनल काय म्हणतं ते दुसऱ्याला विचारा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

कोठडीतल्या कॉल बटणाचं दुखणं वेगळं. त्याच्या फटीत साबण, टूथपेस्ट, ओल्या कागदाचे गोळे भरलेले सापडतात, कधी बटण दाबूनच राहावं म्हणून, कधी वाजूच नये म्हणून. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. तेलकट स्प्रे मारला तर आज चालेल, पण धूळ धरून महिन्याभरात पुन्हा जाम होईल. वारंवार असंच होत असेल तर फट नसलेलं, स्टीलच्या प्लेटमध्ये सपाट बसणारं बटण लावणं हाच उपाय.

३. बॅटरी आणि पॉवर सप्लाय

पॅनल चालू असताना बॅटरीच्या टोकांना मीटर लावलं की १३.६ व्होल्ट दिसतात आणि 'बॅटरी चांगली आहे' असा शेरा मारला जातो. ते चार्जरचं व्होल्टेज आहे, बॅटरीचं नाही. खरी चाचणी अशी: मेन्सचा स्विच बंद करा, पॅनल बॅटरीवर अर्धा तास चालू द्या, शेवटी सायरन वाजवा आणि तो वाजत असतानाच व्होल्टेज बघा. १२ व्होल्टची बॅटरी या वेळी १२ च्या आसपास टिकली पाहिजे. सायरन सुरू होताच ११ च्या खाली गेली तर ती बदलायचीच. २४ व्होल्टच्या पॅनलमध्ये दोन बॅटऱ्या मालिकेत असतात. त्या नेहमी जोडीने बदला. एक नवी आणि एक जुनी लावली तर चार्जिंग सारखं विभागलं जात नाही आणि नवीही लवकर जाते.

सीलबंद लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षं, तेही २०-२५ अंश तापमानात. बंद, तापलेल्या खोलीत ते निम्म्यावर येतं. बसवल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहा. कमकुवत बॅटरीचं लक्षण फसवं असतं: मेन्स क्षणभर गेले की पॅनल रीस्टार्ट होतं, पाच-सहा झोन एकदम फॉल्ट दाखवून बरे होतात, आणि लोक तारा शोधत बसतात.

फुगलेली, गळणारी किंवा हाताला गरम लागणारी बॅटरी दिसली तर इथेच थांबा. चार्जर जास्त व्होल्टेज देत असण्याची शक्यता आहे, आणि ते तंत्रज्ञाचं काम.

४. टर्मिनल

प्रत्येक तार हलकेच ओढून बघा. टर्मिनलमधून सुटली तर दोष सापडला. फार वेळा स्क्रू तारेच्या तांब्यावर न बसता आवरणावर बसलेला असतो. थंडीत आकुंचन झालं की संपर्क सुटतो. बारीक धाग्यांच्या तारेला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावा. नुसते धागे पिळून घातले तर एखादा बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकतो. तांबं काळं किंवा हिरवं पडलं असेल तर तेवढा भाग कापून नवी टोकं करा, खरवडून भागत नाही.

५. लूपचा रोध मोजणे

इथे घाई करू नका. साधा मल्टिमीटर नीट वापरला तर उरलेल्यांपैकी बहुतेक दोष याच पायरीवर सापडतात.

झोनच्या दोन्ही तारा (बटणांपर्यंत जाऊन परत येणारा लूप) पॅनलमधून काढा. त्यांच्यावर आधी एसी आणि डीसी व्होल्टेज मोजा. काही व्होल्ट दिसत असतील तर रोधाचं रीडिंग खोटं येणार, आणि तो दोष आठव्या पायरीचा. शून्य असेल तर रोध मोजा.

उदाहरण म्हणून नेहमीची जोडणी घेऊ: लाइनच्या शेवटी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर (पिवळा, जांभळा, लाल), आणि बटणाच्या संपर्काला (तो दाबल्यावर उघडतो) समांतर तेवढाच दुसरा. बटण मोकळं असताना ४.७, दाबलं की ९.४. तार तुटली तर अनंत, शॉर्ट झाली तर शून्य. तुमच्या पॅनलचे आकडे २.२ किंवा ५.६ असतील, ते त्याच्या पुस्तिकेतून घ्या. तर्क तोच राहतो.

आता रीडिंग कोणत्या बाजूला सरकलं ते बघा. ४.७ च्या जागी ३.८ आलं तर लाइनला समांतर कुठेतरी सुमारे २० किलोओहमची गळती आहे, म्हणजे ओलसर जंक्शन बॉक्स किंवा सोललेलं आवरण. ५.५ किंवा ६ आलं तर मालिकेत रोध वाढला आहे, म्हणजे सैल टर्मिनल, गंजलेला संपर्क, नुसता पिळून टेप मारलेला जोड. खाली सरकलं तर पाणी, वर सरकलं तर जोड. एवढं लक्षात ठेवलं तर अख्खी लाइन उकरायची वेळ येत नाही.

तारेचा स्वतःचा रोध किरकोळ असतो. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे १८ ओहम, म्हणजे ३०० मीटर अंतराला जाऊन-येऊन ११ च्या आसपास. 'लाइन लांब आहे म्हणून फॉल्ट येतो' हे कारण म्हणूनच सहसा खरं नसतं.

रीडिंग बरोबर असेल पण फॉल्ट अधूनमधून येत असेल, तर मीटर किमान-कमाल नोंदणाऱ्या मोडवर ठेवा आणि सहकाऱ्याला एकेक जंक्शन बॉक्स हलवायला, दार आपटायला सांगा. आकडा जिथे उडी मारेल तिथे दोष.

६. शेवटचा रेझिस्टर खरंच शेवटी आहे का

बटण मेलेलं असूनही पॅनल नॉर्मल दाखवतं त्याचं नेहमीचं कारण हे. बसवताना फॉल्ट जाईना म्हणून कोणीतरी रेझिस्टर पॅनलच्या टर्मिनलवरच लावलेला असतो. पॅनल मग त्या रेझिस्टरवरच नजर ठेवतं. पुढची २०० मीटर तार तुटली तरी त्याला पत्ता नसतो. तपासायला सोपं: सगळ्यात लांबच्या बटणापाशी लाइनची एक तार सोडवा. काही क्षणांत पॅनलवर फॉल्ट आलाच पाहिजे. आला नाही तर तो झोन कागदावरच आहे. रेझिस्टर हलवून शेवटच्या बटणाच्या बॉक्समध्ये लावा, आणि त्याच माणसाने बसवलेले बाकीचे झोनही तपासा. अशी चलाखी एकाच ठिकाणी केलेली नसते.

७. पाणी

बॉक्समध्ये पाणी बहुतेक वेळा झाकणातून येत नाही, कंड्युटमधून, म्हणजे तारांच्या पाइपमधून येतं. गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून उतरणारा पाइप सरळ बॉक्सच्या डोक्यात शिरत असेल तर पावसाचं पाणी तारेवरून ओघळत नेमकं टर्मिनलवर टपकतं. तार बॉक्सखाली उतरवून वळण देऊन खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे थेंब वळणावरच पडतील. ग्लँड (तार बॉक्समध्ये शिरते तिथली घट्ट बसणारी बूच) तारेच्या जाडीला साजेशी हवी. मोठ्या ग्लँडमध्ये बारीक तार टेप गुंडाळून बसवली तर ती पाणी अडवत नाही.

फटी भरायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते वाळताना अॅसिटिक आम्ल सोडतं आणि बंद बॉक्समधलं तांबं हिरवं करून ठेवतं. न्यूट्रल प्रकारचं घ्या. जोड जमिनीपासून खाली, पाइपने फरशी धुतात त्या उंचीवर असतील तर ते जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये करा, नाहीतर बॉक्सच वर न्या. मुंग्या आणि झुरळं याच फटींतून शिरतात. त्यांची विष्ठा आणि ओल मिळून उत्तम गळती तयार होते.

८. गेट, कुलपं आणि बाहेरून शिरणारं व्होल्टेज

अलार्मची तार गेटच्या मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपमधून नेली असेल तर कधी ना कधी त्रास होणारच. गेट चालवताना लाइनवर एसी व्होल्टेज मोजा. स्थिर असताना शून्य आणि मोटार फिरताना काही व्होल्ट, असं दिसलं तर आणखी पुरावा नको. उपाय म्हणजे वेगळा पाइप, आणि मोटारीची केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात. शील्ड असलेली केबल असेल तर शील्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर तिच्यातूनच प्रवाह वाहू लागतो.

डीसी सोलेनॉइडच्या (कॉइलने चालणाऱ्या) कुलपाचा वीजपुरवठा तुटताना कॉइल उलट्या दिशेचा झटका देते. कॉइलच्या टोकांवर १एन४००७ डायोड लावला, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे, तर तो झटका तिथेच विरतो. डायोड उलटा लागला तर सप्लाय शॉर्ट होतो, म्हणून कुलूप प्रणालीची जबाबदारी असलेल्या माणसाकडूनच हे करून घ्या.

एक मोह टाळा. पॅनलमध्ये झोनचा प्रतिसाद वेळ वाढवता येतो. तो दीड-दोन सेकंदांवर नेला की खोटे अलार्म थांबतात, सगळे खूश होतात. पण लॅच न होणारं बटण झटापटीत क्षणभरच दाबलं जातं, आणि तो क्षण पॅनल ऐकूनही सोडून देतं. उत्पादकाने दिलेलं मूळ सेटिंग बदलू नका.

९. वायरलेस ट्रान्समीटर

बॅटरी आधी, आणि ती ठरल्या तारखेला सगळ्यांची एकदम बदला. 'लो बॅटरी'ची वाट पाहू नका. चाचणी टेबलावर ठेवून करू नका. पट्ट्याला अडकवून, माणसाने पाठ रिसीव्हरकडे करून, स्टीलची दारं बंद असताना करा. शरीर आणि पोलादी दार दोन्ही सिग्नल खातात. जिन्याखालची जागा, न्हाणीघरं, भांडारं मुद्दाम तपासा.

मोबाइल जॅमर नव्याने बसवला किंवा त्याची शक्ती वाढवली, आणि त्यानंतर ट्रान्समीटर 'हरवल्याच्या' (पॅनलला त्याचा सिग्नल न मिळाल्याच्या) नोंदी सुरू झाल्या, तर तारखा जुळवून पाहा. ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे ट्रान्समीटर मोबाइलच्या ८०० आणि ९०० च्या पट्ट्यांना अगदी खेटून आहेत. जॅमरला हात लावायचा अधिकार तुमचा नाही. नोंदींसह लेखी कळवा.

१०. अर्थ फॉल्ट

पॅनलवर 'अर्थ फॉल्ट' असेल तर एकेक झोन काढत जा. ज्या झोनला काढल्यावर तो जातो तिथे एखादी तार पाइपला किंवा बॉक्सच्या पत्र्याला टेकली आहे. मग जंक्शन बॉक्सपाशी लाइन अर्धी करा, दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते बघा, तो पुन्हा अर्धा करा. इन्सुलेशन टेस्टर वापरायचाच असेल तर तार दोन्ही टोकांनी मोकळी, पॅनल, बटणं, रेझिस्टर सगळं काढलेलं, आणि २५० व्होल्टची रेंज. ०.५ मेगाओहमच्या खाली आलं तर केबल बाद. पॅनल जोडलेलं असताना टेस्टरचं बटण दाबलं तर इनपुट सर्किट त्याच क्षणी जळतं.

कुठे थांबायचं

पॅनलच्या कार्डावर जळाल्याचा वास किंवा काळा डाग. पॉवर सप्लायच्या आतली मेन्सची बाजू. वीज पडल्यानंतर एकदम गेलेले झोन. पासवर्ड माहीत नसलेलं प्रोग्रॅमिंग. चुकीचं ठिकाण दाखवणारे पत्ते. आणि जिथे हा अलार्म दारांच्या कुलपांशी किंवा आगीच्या यंत्रणेशी जोडलेला आहे ते प्रत्येक टर्मिनल. यातलं काहीही असेल तर झाकण लावा आणि उत्पादकाच्या अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा. झोनची लाइन पॅनलमधून काढून तिथे नुसता रेझिस्टर लावल्यावरही फॉल्ट राहत असेल तर दोष पॅनलच्या इनपुटचा आहे, तेही त्या तंत्रज्ञाचंच काम. आणि पाळी संपेपर्यंत झोन चालू होत नसेल तर कारण काहीही असो, त्याच दिवशी बोलवा. त्याच्या हातात लॉगच्या नोंदी, लूपची रीडिंग्ज आणि काय काय काढून पाहिलं याची यादी द्या. नाहीतर तोही रीसेट करून जाईल.

झोन परत देताना

प्रत्येक बटण खरंच दाबा, 'एक चाललं म्हणजे सगळी चालतात' असं धरू नका. कंट्रोल रूममधल्या माणसाने पडद्यावरचं ठिकाण वाचून दाखवावं आणि तुम्ही उभे आहात त्याच्याशी ते जुळावं. मग शेवटच्या बटणावर तार सोडवून आणि नंतर शॉर्ट करून दोन्ही वेळा फॉल्ट येतो का पाहा. टेस्ट मोड काढा, बायपास यादी रिकामी आहे हे ड्युटी ऑफिसरला पडद्यावर दाखवा, नवीन रीडिंग झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहा आणि हत्यारं मोजून रजिस्टरवर सही करा. पुढचे सात दिवस त्या झोनचा लॉग रोज एकदा उघडून बघा. त्यात एकदाही पाऊस किंवा धुलाई झाली नसेल तर ती होईपर्यंत काम बंद झाल्याची नोंद करू नका.